भजनाला गिटार: कडेच्या दोन तारा उतरवून

वारकरी भजनाला सा-पचा अखंड आधार हवा असतो. नेहमीच्या जुळणीतली गिटार तो सहज देत नाही. पण कडेच्या दोन्ही ‘ई’ तारा एक पूर्ण स्वर उतरवून ‘डी’ केल्या, की जाड तीन मोकळ्या तारा पांढरी दोनचे सा-प-सा होतात. शिकलेले कॉर्ड बिघडतात, ही तक्रार अर्धीच खरी: मधल्या चार तारांवरची बोटं तीच राहतात. खरी अडचण मोकळ्या ‘जी’ तारेची. ती मध्यम बोलते आणि भूपात मध्यम वर्ज्य! तिथे ती दुसऱ्या पडद्यावर दाबा, पंचम मिळतो. गायक काळी एकचा असेल, तर सहाही तारा अर्धा स्वर उतरवा.