उसाच्या ट्रॅक्टरचा वेग आणि मोबाईलचा कॅमेरा



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या माढा तालुक्यातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही उसाने काठोकाठ भरलेल्या. अशाच एका रस्त्याला लागून एक माध्यमिक शाळा आहे. शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणे हे तेथील मुलांना मोठे संकट वाटे. गेल्या हंगामात नववीच्या काही विद्यार्थ्यांनी ठरविले की, गतिरोधकासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करावयाचा. आणि त्यात 'ट्रॅक्टर फार जोरात जातात' असे मोघम न लिहिता वेगाचा आकडाच लिहावयाचा. आकडा कसा काढावा हे विचारण्यासाठी ही मुले आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांसह माझ्याकडे आली. मी रीत सांगितली. मुलांनी ती नीट पाळली. तरीही उत्तर साफ चुकले! ही चूक मुलांची नव्हती, माझी होती. ती कशी झाली आणि कशी सापडली, ते आज पाहू.

कॅमेरा हे एक घड्याळ

वेग म्हणजे कापलेले अंतर भागिले लागलेला काळ. पाठ्यपुस्तकात हिलाच आपण चाल म्हणतो. म्हणजे दोन गोष्टी मोजल्या की काम झाले. त्यांपैकी काळ मोजण्याचे काम मोबाईल फार चांगले करतो.

मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ अखंड हलताना दिसतो. पण प्रत्यक्षात ती एकामागून एक घेतलेली सुटी छायाचित्रे असतात. अशा एका छायाचित्राला फ्रेम म्हणतात. बहुतेक मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम घेतात. म्हणजे लगतच्या दोन फ्रेममध्ये १/३० सेकंदाचे अंतर असते. स्टॉपवॉचची कळ दाबताना आपला डोळा आणि बोट यांच्यात सुमारे ०.२ सेकंद सहज जातो. त्या मानाने कॅमेऱ्याचे घड्याळ कितीतरी बारीक आहे.

ही कल्पना नवी नाही. १८७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला ओळीने १२ कॅमेरे मांडले. धावपट्टीवर आडवे दोरे ताणले होते. घोडा धावत आला की त्याच्या धक्क्याने एकेक दोरा ओढला जाई आणि एकेक कॅमेरा छायाचित्र घेई. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, हा त्या वेळचा वाद होता. ते उचललेले असतात, हे छायाचित्रांनी सिद्ध केले. लगतच्या दोन छायाचित्रांमध्ये अंतर होते २७ इंच, म्हणजे ०.६८६ मीटर, आणि काळ होता सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग. भागाकार करा. घोड्याचा वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर येतो. छायाचित्रांसोबत छापलेल्या मजकुरात घोड्याने १ मिनिट ४० सेकंदांत मैल या दराने दौड केल्याचे म्हटले होते. हा वेग ताशी ५८ किलोमीटर होतो. दोन्ही आकडे एकमेकांना धरून आहेत.

येथे एक गोष्ट मनात ठेवा. मायब्रिजचे दोरे घोड्याच्या वाटेवरच बांधलेले होते. याचे महत्त्व पुढे कळेल.

ताशी ३९ किलोमीटर!

आता आमच्या शाळेसमोर या. रस्त्याच्या अलीकडे विटांच्या आधाराने मोबाईल आडवा उभा केला. रस्त्यापलीकडे एका शेताचे तारेचे कुंपण होते. त्याचे सिमेंटचे खांब बरोबर ३ मीटर अंतरावर होते. मी मुलांना म्हणालो, "हीच आपली मोजपट्टी. ट्रॅक्टरचे पुढचे चाक एका खांबासमोर आले की त्या फ्रेमचा क्रमांक लिहा, आणि चार गाळे ओलांडून गेले की पुन्हा लिहा."

मुलांनी तसे केले. पहिली फ्रेम ११२ वी, शेवटची १४५ वी. मधली अंतरे ३३. (फ्रेम मोजल्या तर त्या ३४ भरतात, पण आपल्याला फ्रेम नव्हे, त्यांच्यामधील अंतरे हवीत. बोटे पाच असली तरी बेचकी चारच असतात!) ३३ भागिले ३०, म्हणजे १.१ सेकंद. चार गाळे म्हणजे १२ मीटर. १२ ला १.१ ने भागले की सेकंदाला १०.९ मीटर येतात. त्याला ३.६ ने गुणले की ताशी ३९.३ किलोमीटर.

अर्जात '३९.३' हा आकडा लिहिला गेला. दशांश चिन्हामुळे तो मोठा शास्त्रीय दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक्टर शाळेजवळ थांबला तेव्हा मुलांनी चालकाला हा आकडा ऐकविला. ते रागावले नाहीत, हसले. मला म्हणाले, "सर, दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन चाळीसनं पळवला तर पहिल्या वळणावरच पालथा होईल की! पाहिजे तर माझा ट्रॅक्टर मोजून बघा."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. मी मुलांना थोडा वेळ थांबविले आणि मांडणी पुन्हा पाहू लागलो.

चूक कोठे होती?

एक डोळा मिटा आणि अंगठा हातभर पुढे धरा. अंगठा भिंतीवरील आख्खे कॅलेंडर झाकतो. म्हणून अंगठा कॅलेंडरएवढा मोठा झाला काय? नाही. तो जवळ आहे, इतकेच. आता अंगठा थोडासा बाजूला सरकवा. तुमचा अंगठा चार बोटे सरकतो, पण मागच्या भिंतीवर तो हातभर सरकल्यासारखा दिसतो.

आमच्या ट्रॅक्टरचे नेमके हेच झाले. टेपने मोजले तेव्हा मोबाईलपासून ट्रॅक्टरच्या चाकोरीचे अंतर ८ मीटर आणि कुंपणाचे अंतर १२ मीटर भरले. मोबाईलपासून निघून दोन टोकांच्या खांबांकडे जाणाऱ्या दोन सरळ रेषा काढा. कुंपणाजवळ त्या रेषांमध्ये १२ मीटरचे अंतर आहे. पण ट्रॅक्टर त्या रेषा अलीकडेच, ८ मीटरवर, ओलांडतो. येथे दोन समरूप त्रिकोण तयार होतात. त्यांच्या नियमाप्रमाणे,

ट्रॅक्टरने कापलेले खरे अंतर = १२ × (८ ÷ १२) = ८ मीटर.

८ मीटर अंतर १.१ सेकंदात, म्हणजे सेकंदाला ७.२७ मीटर, ताशी २६.२ किलोमीटर. आम्ही वेग दीडपट करून ठेवला होता!

फ्रेम मोजण्यात एका फ्रेमची चूक झाली असती तर उत्तरात फरक पडला असता फक्त ३ टक्के. मोजपट्टी चुकीच्या जागी ठेवल्यामुळे फरक पडला ५० टक्के. कॅमेरा काळ अचूक सांगतो. अंतर मात्र त्याला मुळीच कळत नाही. ते आपण सांगावयाचे असते, आणि ते हलणाऱ्या वस्तूच्या वाटेवरचेच असावे लागते. मायब्रिजने दोरे घोड्याच्या वाटेवर बांधले होते, म्हणून त्याचा हिशेब जुळला.

मोजपट्टी वस्तूवरच

उत्तर पडताळण्यासाठी दुसरी स्वतंत्र रीत हवी. चालकाने ती सुचविलीच होती: ट्रॅक्टरच मोजायचा! ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून शेवटच्या ट्रॉलीच्या मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने १२.६ मीटर भरले. मग आदल्या दिवशीचाच व्हिडिओ घेऊन कुंपणाचा एकच खांब निवडला. पुढचे चाक त्या खांबासमोर आल्यापासून शेवटचे चाक तेथे येईपर्यंत ५३ फ्रेम गेल्या, म्हणजे १.७७ सेकंद. वेग आला सेकंदाला ७.१ मीटर, ताशी सुमारे २६ किलोमीटर.

या रीतीची गंमत पाहा. खांब किती दूर आहे, कॅमेरा थोडा तिरपा आहे का, याने काहीच बिघडत नाही. मोबाईल आणि खांब यांना जोडणारी दृष्टिरेषा ट्रॅक्टरच्या वाटेला एकाच ठिकाणी छेदते. त्या ठिकाणावरून १२.६ मीटर लांबीची वस्तू किती वेळात गेली, एवढेच आपण मोजतो. मोबाईल हलता मात्र कामा नये.

एका फ्रेमच्या चुकीमुळे २ टक्के आणि टेपच्या चुकीमुळे सुमारे १ टक्का फरक पडू शकतो. म्हणून उत्तर '२५.७' असे न लिहिता 'ताशी २५ ते २६.५ किलोमीटर' असे लिहिणे प्रामाणिकपणाचे होय.

मोटारसायकलचे काय?

ट्रॅक्टर सुटला, तेव्हा मुलांनी विचारले, "सर, मग मोटारसायकली?" त्यांना वरील रीत चालत नाही. मोटारसायकलच्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतर सुमारे १.३ मीटर. वेगात असलेली मोटारसायकल ते अंतर तीनच फ्रेममध्ये ओलांडते. तिनात एकाची चूक म्हणजे ३३ टक्के!

त्यासाठी शिक्षकांनी सकाळी रहदारी नसताना रस्त्यावर चुन्याच्या दोन आडव्या रेघा ओढल्या, १० मीटर अंतरावर. चाक रेघेला टेकते तो क्षण व्हिडिओत पाहावयाचा. चाक आणि रेघ एकाच जागी असल्यामुळे दृष्टिरेषेचा घोटाळा उरत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने वाहनांचा सरासरी वेग काढतात, त्यामागील तत्त्व हेच आहे: दोन ठिकाणांमधील माहीत असलेले अंतर आणि दोन्ही ठिकाणी नोंदलेली वेळ.

एका मोटारसायकलने १० मीटर अंतर १९ फ्रेममध्ये कापले. म्हणजे ०.६३ सेकंदात, वेग ताशी सुमारे ५७ किलोमीटर, चूक ३ किलोमीटर कमी-अधिक. दोन दिवस मोजल्यावर लक्षात आले की, शाळेसमोरून सर्वांत जोरात जाणारी वाहने उसाचे ट्रॅक्टर नव्हतीच!

मुलांनी अर्ज नव्याने लिहिला. ट्रॅक्टरवरील आरोप काढून टाकला. ताशी ५७ किलोमीटर वेगाने येणारे वाहन चालकाला मूल दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे १६ मीटर पुढे येते, हे त्यात लिहिले. मोजण्याची रीत आणि चुकीची मर्यादाही सोबत जोडली. गतिरोधकाची मागणी तशीच राहिली, पण आता ती खऱ्या आकड्यांवर उभी होती. पहिला अर्ज गेला असता तर कष्टकरी चालकांवर खोटा ठपका बसला असता. आणि एखाद्या जाणकाराने तो आकडा खोडून काढला असता, तर मुलांची रास्त मागणीही त्याबरोबर निकालात निघाली असती.

करून पाहा

प्रयोग करताना पुढील काळजी घ्या.

१. आपला मोबाईल खरोखर सेकंदाला ३० फ्रेम घेतो का, ते तपासा. १ मीटर लांबीच्या लंबकाची ५ आंदोलने चित्रित करा. त्यांना १० सेकंद लागतात. म्हणून सुमारे ३०० फ्रेम भरल्या पाहिजेत. अंधुक प्रकाशात काही मोबाईल कमी फ्रेम घेतात, तेव्हा प्रयोग उन्हात करा.

२. स्लो मोशनमध्ये चित्रण केले तर पडद्यावरील सेकंद खरे नसतात. सेकंदाला १२० फ्रेम घेतल्या असतील, तर १२० नेच भागा.

३. वेगवान वस्तूची कडा पुसट दिसते. नेहमी पुढचीच कडा धरा. एकदा पुढची आणि एकदा मागची असे करू नका.

४. फ्रेम एकेक करून पुढे सरकविणारी ॲप मिळतात. शाळेत संगणक असेल तर डग्लस ब्राउन या अमेरिकन प्राध्यापकांनी तयार केलेला 'ट्रॅकर' हा मोफत प्रोग्रॅम वापरा.

५. रस्त्यावर किंवा रुळांजवळ जाऊ नका. मोठ्या माणसांना बरोबर घ्या आणि कुंपणाच्या आतूनच चित्रण करा.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. माढा स्टेशन मुंबई–सोलापूर लोहमार्गावर आहे. समजा, तुम्ही दूरच्या शेतातून एका जलद गाडीचे चित्रण केले. गाडीला एलएचबी प्रकारचे डबे आहेत. अशा एका डब्याची जोडासहित लांबी २४ मीटर असते. पाच डबे एका झाडासमोरून जाण्यास १३१ फ्रेम लागल्या. गाडीचा वेग किती? आणि एका फ्रेमची चूक धरली तर तो किती टक्क्यांनी बदलेल? ते झाड गाडीपासून किती दूर आहे, हे मी सांगितलेले नाही. त्याची गरज का नाही, हेही आपल्या वहीत लिहा.

(उत्तर: ताशी सुमारे ९९ किलोमीटर, १ टक्क्याहून कमी.)