बॉडी नको, उजेड घ्या

गोरज मुहूर्ताचं लग्न. मंगल कार्यालयात पिवळट दिवे, स्टेजवर अंतरपाट धरलेला, आणि हातात घरातला पहिला डीएसएलआर, बॉक्समधून आलेल्या १८-५५ च्या किट लेन्ससकट. ५० मिमीपर्यंत झूम केलं की ॲपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. शटर १/६० सेकंदावर अडतं, आयएसओ ३२०० वर जातो. घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहावा, तर नवरीच्या गालावर रंगीबेरंगी दाणे आणि अक्षता टाकणाऱ्या मावशींचा हात हलून पुसट झालेला. मग घरात एकमत होतं: कॅमेरा आता बदलायला हवा.

बजेट पंचवीस-तीस हजारांचं असेल तर हे एकमत महागात पडतं. तेवढ्या पैशांत येणारी पुढची बॉडी त्या दाण्यांवर फारसा इलाज करू शकत नाही. यात कंपन्यांचा कंजूषपणा नाही; भौतिकशास्त्रच आडवं येतं.

सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच काम करतो. शटर उघडं असेपर्यंत आपल्यावर पडणारे प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, मोजतो. हे फोटॉन शिस्तीत येत नाहीत. पावसाची पहिली सर सुरू होताना अंगणातल्या शेजारच्या दोन फरश्या पाहाव्यात. एकीवर सात थेंब पडलेले असतात, दुसरीवर अकरा, पाऊस दोघींवर सारखाच असून. तसंच एकाच गालावरचे दोन शेजारी पिक्सेल वेगवेगळे आकडे सांगतात. हा फरक म्हणजेच आपल्याला दिसणारे दाणे, फोटोग्राफरांच्या भाषेत नॉईज. सरासरी १०० फोटॉन येत असतील तर आकडा साधारण वर्गमुळाएवढा, म्हणजे १० ने, पुढेमागे होतो: दहा टक्के. १०,००० येत असतील तर तो १०० ने हलतो: जेमतेम एक टक्का. सेन्सर कितीही निर्दोष बनवला तरी हा चढउतार जाणार नाही, कारण तो प्रकाशाच्या स्वभावातच आहे. जास्त फोटॉन गोळा करणं एवढाच त्यावर उतारा.

बिचाऱ्या आयएसओला यात उगाच बोल लागतो. आयएसओ वाढवल्याने सेन्सर एकही फोटॉन जास्त पकडत नाही; जे हाती आलं ते वाढवून दाखवतो, दाण्यांसकट.

मग नवा सेन्सर जास्त फोटॉन पकडेल की! थोडे पकडेलही. बेल लॅबमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये सीसीडी शोधला, त्यासाठी २००९ चं नोबेल त्यांना मिळालं. नव्वदच्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीमॉस सेन्सरला सीसीडीच्या तोडीचं केलं. त्यानंतर हे तंत्र इतकं पिकलं की दहा वर्षांपूर्वीच्या साध्या डीएसएलआरमध्येही हिरव्या पिक्सेलवर पडलेल्या हिरव्या प्रकाशातले ढोबळमानाने निम्मे फोटॉन मोजले जातात. आता निम्म्याचे सगळे केले, तरी फायदा दुप्पटच. त्यापुढे रस्ता नाही. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर बसवायची, कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना १९७६ मध्ये पेटंट मिळालेली युक्ती तर आजही जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात आहे, आणि तो फिल्टर बाकीच्या रंगांचा उजेड गिळतो तो गिळतोच.

मेगापिक्सेलचं गणितही असंच दिसायला मोठं. १८ चे २४ झाले म्हणजे तेहतीस टक्के वाढ, असं दुकानदार सांगतो. पण पिक्सेल लांबी आणि रुंदी दोन्हींत वाटले जातात, त्यामुळे एका दिशेत बारकावा पंधरा टक्क्यांनीच वाढतो. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ मात्र खरोखर मोठं आहे: ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिमी. आपल्या कॅमेऱ्यातल्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरचं साधारण ३७०. तिथे सव्वादोन पटींहून अधिक उजेड गोळा होतो. फक्त त्या बॉडीला शोभणाऱ्या लेन्सेस घेताना बजेट कुठल्या कुठे जातं.

आता त्याच मंगल कार्यालयात तीच बॉडी, तोच सेन्सर, पण समोर ५० मिमीची एफ/१.८ प्राइम लेन्स. एफ आकडा म्हणजे लेन्सची फोकल लांबी भागिले तिच्या उघडलेल्या ॲपर्चरचा व्यास. किट लेन्स ५० मिमीवर असताना ५० भागिले ५.६, म्हणजे ९ मिमीची खिडकी. एफ/१.८ वर तीच खिडकी जवळपास २८ मिमी. व्यास तिपटीहून थोडा जास्त, म्हणून क्षेत्रफळ आणि उजेड जवळजवळ दहापट. लेन्स समोर धरून आत डोकावलं तरी फरक डोळ्याला कळतो. हा दहापट उजेड वाटून घेता येतो: शटर १/६० वरून १/२५० वर न्यावं म्हणजे मावशींचा हात थांबतो, आणि तरीही आयएसओ ३२०० वरून १३०० च्या आसपास उतरतो. कॅननची अशी नवी लेन्स साधारण दहा हजारांच्या घरात मिळते. माझ्या मते फोटोग्राफीच्या अख्ख्या बाजारात यापेक्षा चांगला सौदा नाही.

या सौद्याला दोन अटी आहेत. एफ/१.८ वर दोन मीटरवरच्या माणसाचा स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर जाडीचा असतो. नवरीचे डोळे लखलखीत आणि एक पाऊल मागे उभा नवरा धूसर, असं होतं. दोघं हवी असतील तर एफ/२.८ वर यावं, थोडं मागे सरावं. दुसरी अट घराची. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी बरीच जवळून दाखवते, आणि वन रूम किचनमध्ये बाळाचा वाढदिवस टिपताना आपली पाठ भिंतीला टेकते. घरातले फोटो जास्त असतील तर ३५ मिमीची एफ/१.८ घ्यावी.

निकॉनवाल्यांसाठी एक सापळा आहे. ५० मिमी एफ/१.८ डी ही जुनी लेन्स सेकंडहँड स्वस्त मिळते, पण तिच्यात फोकसची मोटर नसते. ती बॉडीत असावी लागते. डी३५०० सारख्या सुरुवातीच्या बॉडीत मोटर नाही, त्यामुळे फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. नावात ‘एएफ-एस’ असलेली लेन्स घ्यावी. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच ठेवली, म्हणून त्यांच्याकडे ही भानगड नाही.

सगळ्यांना लग्नंच टिपायची नसतात. हिवाळ्यात भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर पहाटे होडीत बसणाऱ्यांचं दुखणं वेगळं असतं. तिथे उजेड भरपूर, पक्षी लांब. सव्वा मीटर उंचीचा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, साठ मीटरवर उभा असेल तर ५५ मिमीच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा उमटते १.१ मिमीची. सेन्सरची उंची १५ मिमी. म्हणजे फोटोत पाणीच पाणी, मध्ये गुलाबी ठिपका. २५० मिमीला तीच प्रतिमा ५.२ मिमीची होते, आणि आता तो पक्षी दिसतो.

पक्षीवेड्यांनी ‘आता फुल फ्रेमवर जाऊ’ असं म्हटलं की मला हसू येतं. लेन्स तीच, अंतर तेच, तर सेन्सरवरची प्रतिमाही ५.२ मिमीचीच राहते. पण २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर पिक्सेल मोठे आणि विरळ असतात, म्हणून त्याच रोहिताच्या वाट्याला तेवढ्याच मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरच्या निम्म्याहून कमी पिक्सेल येतात. पैसे जास्त मोजून पिसांचा बारकावा कमी. इथे हवी ती ५५-२५० किंवा ७०-३०० ची झूम. आणि ऊन चढायच्या आत परतावं. पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागली की लाखाच्या लेन्सलाही रोहिताच्या कडा स्वच्छ मिळत नाहीत.

फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी उरकाव्यात. जेपीईजी सोडून रॉ मध्ये टिपावं. जेपीईजी प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवतो, १४ बिटांची रॉ फाइल १६,३८४. रॉ जपून ठेवल्या तर पुढेमागे चांगलं सॉफ्टवेअर आल्यावर जुन्या लग्नातले दाणेही पुन्हा साफ करता येतात. डार्कटेबल, रॉथेरपी तर मोफत आहेत. एफ/२२ वर जायची सवयही सोडावी. एवढ्या लहान फटीतून जाताना प्रकाश पसरतो आणि एका बिंदूची तबकडी साधारण ३० मायक्रॉनची होते. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा पिक्सेल असतो ४ मायक्रॉनचा. किट लेन्स एफ/८ वर ठेवून, तिपाईवर बसवून पाहा. तिला नावं ठेवणं बंद होईल.

उजेड विकतही मिळतो. सेकंडहँड मॅन्युअल फ्लॅश काही हजारांत येतो. समोरून मारलेल्या फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून नवरी पांढरीफट्ट आणि दुप्पट अंतरावरच्या करवल्यांना पावच उजेड. फ्लॅशचं तोंड वर, पांढऱ्या पीओपीच्या छताकडे वळवलं की ते छतच मोठा मऊ दिवा होतं. छत रंगीत असेल तर मात्र वऱ्हाडही त्याच रंगाचं होतं.

इतकं झाल्यावर बॉडी कधी बदलावी, हा प्रश्न खरा उरतो. माझं उत्तर: फोकस चुकायला लागला की. कबड्डीची चढाई, गॅदरिंगमधला नाच, पाण्यावरून उठणारा पक्षी. डी३५०० मध्ये फोकसचे ११ बिंदू आहेत आणि त्यांतला फक्त मधला एक क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषांवर पकड घेणारा. २०१५ सालच्या डी७२०० मध्ये बिंदू ५१, क्रॉस १५, शिवाय जुन्या लेन्ससाठी मोटरही बॉडीतच. सेन्सर दोन्हींत २४ मेगापिक्सेलचा क्रॉप. म्हणून कमी बजेटमध्ये वरच्या वर्गातली जुनी बॉडी ही खालच्या वर्गातल्या नव्या बॉडीपेक्षा मला केव्हाही उजवी वाटते. २०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट आणल्यापासून हौशी लोक मिररलेसकडे वळले आणि डीएसएलआरचा जुना माल बाजारात आला. उद्या आपणही वळलो तरी ईएफ लेन्स ॲडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही. त्या मोटर नसलेल्या ‘डी’ लेन्स तिथेही हातानेच फिरवाव्या लागतात.

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा कुठल्याही गावातल्या दुकानात सेकंडहँड माल बघायला जाताना आपलं मेमरी कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च न्यावा. निकॉन प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये शटर काउंट लिहितो. एक फोटो आपल्या कार्डावर काढून तपासला की झालं. सुरुवातीच्या बॉडीचं शटर साधारण एक लाख वेळा चालेल असं धरतात. कॅननच्या बहुतेक बॉडी हा आकडा फाइलमध्ये लिहीत नाहीत, तेव्हा तिथे बटणांची झीज आणि विकणाऱ्याचा चेहरा.

लेन्स मात्र कसून पाहावी. ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. थोडी धूळ चालते. बारीक पांढरे फांद्याफांद्यांचे तंतू दिसले तर ती बुरशी, बाजाराच्या भाषेत फंगस. ती काचेवरचा लेप खाते आणि साफ केली तरी डाग राहतात. कोकणातून आलेली किंवा पावसाळा बॅगेत काढलेली लेन्स असेल तर दोनदा बघावं. घेतलेली लेन्स आपल्याही घरात तशीच सडू शकते, म्हणून बॅगेत न ठेवता स्वयंपाकघरातल्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवावी. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत असला की पुरे, आणि जेलचे दाणे ओलावले की तापवून पुन्हा वापरता येतात.