रंग अनेक, काच एक

घरात आलेल्या फायबरच्या केसाएवढ्या काचेत दोन रंग एकाच वेळी उलटसुलट धावत असतात. बहुतेक घरांत इंटरनेट आत येते ते १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर, आणि आपण पाठवतो ते १३१० वर. (रंग म्हणायचे ते सोयीपुरते, दोन्ही अवरक्त, डोळ्यांना न दिसणारे.) टोकाला बसवलेला पातळ थरांचा फिल्टर एकाला आरपार सोडतो, दुसऱ्याला परतवतो. शहरे आणि खंड जोडणाऱ्या तारांत हाच खेळ ऐंशी-नव्वद रंगांचा होतो. दोन शेजारी रंगांत अंतर जेमतेम ०.४ नॅनोमीटरचे. समजावताना सगळे लोलकाचे उदाहरण देतात. ते चूक नाही, पण खरे श्रेय लोलकाचे नव्हे. रंग एकत्र करून पुन्हा वेगळे करता येतात हे आधीपासून ठाऊक होते, परवडत मात्र नव्हते. उत्तम काचेतही शंभर किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा हिस्साच उरतो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी प्रकाशाची वीज आणि विजेचा पुन्हा प्रकाश करावा लागे. ऐंशी रंग असते, तर प्रत्येक थांब्यावर तशी ऐंशी यंत्रे लागली असती. १९८७ मध्ये साउथहॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने अर्बियम मिसळलेल्या काचेचा प्रवर्धक दाखवला आणि हिशेबच बदलला. लेझरने चेतवलेले अर्बियमचे अणू १५५० नॅनोमीटरच्या आसपासचे सगळे रंग एकदमच बळकट करतात. वेगळे करण्याचे काम राहिले ते फक्त टोकाला.

यावर कोणी विचारेल, एवढी उठाठेव कशाला, तारेत जास्त काचतंतू घाला की! जमिनीवर ते बऱ्याच अंशी जमते. समुद्रतळाशी मात्र प्रत्येक तंतूला वाटेत स्वतंत्र प्रवर्धन लागते आणि त्याची वीज किनाऱ्यावरूनच पुरवावी लागते. तरी आक्षेप पुरता खोटा नाही. एकाच तंतूत प्रकाश फार कोंबला, तर काच तटस्थ राहत नाही; ती रंगांची आपसात भेसळ करते, आणि मग तीक्ष्णातला तीक्ष्ण फिल्टरही ती निवडून काढू शकत नाही. म्हणूनच अमेरिका-फ्रान्स जोडणाऱ्या, २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'ड्यूनां' तारेत तंतूंच्या १२ जोड्या आहेत, आणि प्रवर्धकांना चेतवणारे लेझर त्या जोड्या आपसात वाटून घेतात.