गुरुत्वाकर्षणाच्या नियमाची आकाशातील परीक्षा

न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम दोनदा अडचणीत आला आणि दोन्ही वेळी निकाल वेगळा लागला. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा न दिसणाऱ्या ग्रहाची कल्पना करण्यात आली व 1846 मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतील शतकाला 43 विकलांचा फरक मात्र कोणत्याही लपलेल्या ग्रहाने सुटला नाही; त्यासाठी 1915 मध्ये आइन्स्टाइन यांना नियमच नव्याने मांडावा लागला.

आज तोच पेच विश्वाच्या पातळीवर उभा आहे. दीर्घिकांचे परिभ्रमण व 1998 मध्ये उघडकीस आलेले विश्वाचे वाढत्या वेगाने होणारे प्रसरण यांच्या उलगड्यासाठी कृष्णद्रव्य व कृष्णऊर्जा मानावयाची, की आइन्स्टाइनच्या सिद्धांतातच दुरुस्ती करावयाची?

गुरुत्वाकर्षणाची वेगळी मांडणी करण्याचा एक धाडसी प्रयत्न कोल्हापूरला जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (1938-2025) यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह 1964 मध्ये केंब्रिज येथे केला. वस्तूचे वस्तुमान तिचे एकटीचे नसून विश्वातील इतर सर्व द्रव्यामुळे तिला लाभते, हा त्याचा गाभा होय. त्यांच्या पुढील मांडणीत गुरुत्वाकर्षण कालांतराने क्षीण होते, असा निष्कर्ष निघाला. कल्पना कितीही मोहक असली तरी आकाश कोणाची भीड ठेवीत नाही. 1969 पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवरून परतणाऱ्या लेसर किरणांनी चंद्राचे अंतर काटेकोरपणे मोजले जाते. त्यात असा क्षय आढळलेला नाही.

याहून कठोर परीक्षा 17 ऑगस्ट 2017 रोजी झाली. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी सुमारे 13 कोटी वर्षांच्या प्रवासानंतर पृथ्वीवर आल्या आणि अवघ्या 1.7 सेकंदांनी गॅमा किरण येऊन पोहोचले. ते किरण मुळातच काही सेकंद उशिरा निघाले असे धरले, तरी दोहोंच्या वेगांतील फरक एकावर पंधरा शून्ये मांडून होणाऱ्या संख्येत दोन-चार भागांहून अधिक येत नाही. कृष्णऊर्जेला पर्याय म्हणून सुचविलेल्या कित्येक सिद्धांतांत हे वेग भिन्न येत होते. ते सर्व निकालात निघाले. या घटनेच्या नंतरच्या रेडिओ निरीक्षणांत जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय दुर्बिणीचाही वाटा होता.

लहर आली एवढे कळून मात्र भागत नाही. ती कोठून आली हे ठरले, तरच दुर्बिणी त्या दिशेला वळविता येतात, आणि दिशा ठरविण्यास परस्परांपासून दूर असलेली यंत्रे लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्याचा हेतू हाच आहे. तिच्या सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चास केंद्र सरकारने 2023 मध्ये मंजुरी दिली.