प्लॅस्टिक पीपल ऑफ द यूनिव्हर्स

पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियातील एक प्रसिद्ध रॉक वाद्यवृंद. १९६८ च्या शरदऋतूत प्राग येथे त्याची स्थापना झाली. या वृंदाला कोणताही राजकीय कार्यक्रम नव्हता व त्याच्या गीतांत राज्यकर्त्यांवर थेट टीकाही क्वचितच आढळते. तथापि १९७६ मध्ये त्याच्या सदस्यांवर भरलेल्या खटल्यातून ‘सनद ७७’ ही मानवी हक्कांची चळवळ उभी राहिली. रॉक संगीताचा सामाजिक परिणाम केवळ गीतांच्या आशयावर अवलंबून नसतो. ती गीते गाण्याचा आग्रह न सोडणाऱ्यांच्या व ती ऐकणाऱ्यांच्या वर्तनावरही तो अवलंबून असतो, याचे हा वृंद एक ठळक उदाहरण होय.

चेकोस्लोव्हाकियात रॉक संगीत १९६० नंतरच्या दशकात रुजले. लांब केस राखणाऱ्या तरुणांविरुद्ध १९६६ मध्ये पोलिसांनी देशव्यापी मोहीम काढली होती. तरी प्रागमध्ये अनेक वृंद वाजवीत होते आणि पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिका हातोहाती फिरत होत्या. १९६८ मध्ये अलेक्झांडर दुब्चेक याच्या नेतृत्वाखाली उदारमतवादी सुधारणांना आरंभ झाला. २१ ऑगस्ट १९६८ रोजी सोव्हिएट रशिया व वॉर्सा करारातील त्याच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा देशात शिरल्या आणि या सुधारणा थांबल्या. एप्रिल १९६९ मध्ये गुस्ताव्ह हुसाक पक्षप्रमुख झाला. त्यानंतरच्या दडपशाहीच्या कालखंडास ‘सामान्यीकरण’ असे नाव मिळाले. सार्वजनिक कार्यक्रम करून मानधन घेणाऱ्या संगीतकारांना शासकीय परवाना आवश्यक होता. तो देताना वादनाबरोबरच वेशभूषा, केशरचना, वृंदाचे नाव आणि गीतांची भाषा यांचाही विचार होऊ लागला. अनेक वृंदांनी नावे बदलली, केस कापले, तर काहींनी वादनच सोडले.

मिलान ह्लाव्सा (१९५१–२००१) हा बेस गिटारवादक व संगीतरचनाकार या वृंदाचा प्रमुख संस्थापक. त्या वेळी तो सतरा वर्षांचा होता. वृंदाचे नाव फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराच्या १९६७ मधील एका गीतावरून घेतले. झॅपा आणि न्यूयॉर्कचा ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हा वृंद यांचा ह्लाव्सावर मोठा प्रभाव होता. इव्हान यिरोउस (१९४४–२०११) हा कलेतिहासकार व कवी १९६९ मध्ये वृंदाचा कलाविषयक मार्गदर्शक झाला. तो स्वतः वाद्य वाजवीत नसे. परंतु वृंदाची वैचारिक भूमिका मुख्यतः त्यानेच घडविली. १९७० मध्ये वृंदाचा व्यावसायिक परवाना गेला व शासकीय संस्थेकडून मिळालेली वाद्येही परत द्यावी लागली. नावात किंवा संगीतात बदल करून परवाना मिळविण्याऐवजी सदस्यांनी मोलमजुरीची कामे पत्करली. योसेफ यानीचेक याने जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचे भाग जोडून ध्वनिवर्धक तयार केले. यिरोउस हा कलावंतांच्या संघटनेचा सदस्य असल्याने त्याला व्याख्यानासाठी सभागृह मिळू शके. अँडी वॉरहॉल या चित्रकारावर तो थोडा वेळ बोले आणि नंतर उदाहरणादाखल हा वृंद व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची गीते वाजवी.

आरंभी वृंद इंग्रजी गीते गात असे. पॉल विल्सन हा प्रागमध्ये इंग्रजी शिकविणारा कॅनडियन तरुण १९७० ते १९७२ या काळात त्याचा गायक होता. व्ह्रातिस्लाव्ह ब्राबेनेत्स हा सॅक्सोफोनवादक १९७२ मध्ये वृंदात आला, तो केवळ स्वतःच्याच रचना वाजवाव्यात या अटीवर. त्यानंतर वृंद चेक भाषेत गाऊ लागला. एगॉन बोंडी (१९३०–२००७) या कवीच्या, अधिकृत प्रकाशनाबाहेर राहिलेल्या कविता ह्लाव्साने स्वरबद्ध केल्या. बोंडीच्या कवितेत दैनंदिन जीवनातील कंटाळा, दारू, शरीरधर्म व भीती यांचे उघडेवाघडे वर्णन येते. ह्लाव्साच्या रचना संथ, पुनरावृत्तिप्रधान व जड ठेक्याच्या आहेत. यिर्जी काबेशचा व्हायोला व ब्राबेनेत्सचा सॅक्सोफोन यांच्या कर्कश स्वरांमुळे त्यांना उदास व उग्र असे विशेष रूप येते. बीटल्सच्या एका प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेच्या नावाचे विडंबन शीर्षकात असलेला बोंडीच्या गीतांचा संग्रह १९७४-७५ मध्ये ध्वनिमुद्रित झाला व १९७८ मध्ये फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाला. मायदेशात ही गीते फितींवरून फिती उतरवूनच पसरली.

वृंदाच्या मैफली खेड्यांतील खानावळी, कोठारे अशा ठिकाणी आणि बहुधा एखाद्याच्या लग्नाच्या निमित्ताने होत. ठिकाण तोंडोतोंडी व आयत्या वेळी कळविले जाई. ३० मार्च १९७४ रोजी चेस्के बुद्येयोव्हित्सेजवळील रुडोल्फोव्ह येथे जमलेल्या तरुणांना पोलिसांनी बेदम मारहाण केली. काहींना कारावास घडला, तर काही विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. गाणे ऐकावयास जाण्याची किंमत शिक्षण व नोकरी यांच्या रूपाने मोजावी लागेल, हे त्यानंतर प्रत्येक श्रोत्याला ठाऊक होते. यिरोउसने १९७५ मध्ये लिहिलेल्या एका अहवालवजा निबंधात ‘दुसऱ्या संस्कृती’ची कल्पना मांडली. शासनमान्य संस्कृतीशी स्पर्धा वा संघर्ष करीत बसण्यापेक्षा तिच्या मान्यतेची, पारितोषिकांची व मानधनाची अपेक्षाच सोडून स्वतंत्रपणे निर्मिती करावी, असे त्याचे प्रतिपादन होते.

२१ फेब्रुवारी १९७६ रोजी बोयानोव्हित्से या गावी यिरोउसच्या विवाहानिमित्त अशा संगीताचा मोठा उत्सव झाला. पुढील महिन्यात पोलिसांनी वृंदाच्या सदस्यांसह अनेक संगीतकार व त्यांचे सहकारी यांना अटक केली. प्ल्झेन येथे जुलैमध्ये तीन तरुण संयोजकांवर खटला चालला. मुख्य खटला २१ ते २३ सप्टेंबर १९७६ या काळात प्राग येथे झाला. आरोप राजकीय नव्हता; तो सार्वजनिक शांतताभंगाचा होता आणि गीतांतील अश्लील शब्दांवर अभियोक्त्याने भर दिला. यिरोउस याला अठरा महिने, ‘डी. जी. ३०७’ या वृंदाचा पाव्हेल झायीचेक याला बारा महिने आणि ब्राबेनेत्स व स्व्हातोप्लुक कारासेक हा गीते गाणारा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक यांना प्रत्येकी आठ महिने कारावासाची शिक्षा झाली.

आरोपी हे व्यसनी व गुंड असल्याचा प्रचार शासकीय वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने चालविला होता. या अपरिचित तरुणांसाठी प्रतिष्ठित बुद्धिमंत पुढे येणार नाहीत, असा शासनाचा कयास असावा. तो चुकीचा ठरला. व्हात्स्लाव्ह हाव्हेल (१९३६–२०११) हा नाटककार अटकसत्रापूर्वी थोडेच दिवस यिरोउसला भेटला होता आणि वृंदाच्या ध्वनिफिती ऐकून प्रभावित झाला होता. वृंदाच्या मैफलीचे निमंत्रण त्याला मिळाले होते; पण ती होण्यापूर्वीच अटका झाल्या. राजकीय विरोधक एका ज्ञात लढ्यात उतरलेले असतात. येथे मात्र स्वतःच्या पद्धतीने जगू व गाऊ पाहणाऱ्या सामान्य तरुणांवर आघात झाला आहे आणि हे सहन केल्यास उद्या कोणावरही असा आघात होऊ शकेल, अशी त्याची भूमिका होती. यान पातोच्का हा वयोवृद्ध तत्त्वज्ञ, पुढे १९८४ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेला कवी यारोस्लाव्ह सायफर्ट आणि इतर लेखक यांनी जर्मन कादंबरीकार हाइन्‍रिख बल याला जाहीर पत्र लिहून संगीतकारांसाठी पाठिंबा मागितला. पक्षातून काढलेले जुने साम्यवादी, धर्मनिष्ठ ख्रिस्ती व उदारमतवादी लेखक हे एरवी परस्परांपासून दूर असलेले गट न्यायालयाच्या आवारात एकत्र आले. यांतूनच १ जानेवारी १९७७ हा दिनांक असलेली सनद निघाली. हेलसिंकी येथील १९७५ च्या करारान्वये व संयुक्त राष्ट्रांच्या हक्कविषयक प्रसंविदांन्वये शासनाने स्वतःच मान्य केलेले हक्क पाळावेत, एवढीच तिची मागणी होती. हाव्हेल, पातोच्का व माजी परराष्ट्रमंत्री यिर्जी हायेक हे तिचे पहिले प्रवक्ते. प्रारंभी दोनशे चाळीसांहून अधिक लोकांनी तिच्यावर सह्या केल्या. प्रदीर्घ पोलीस चौकशीनंतर पातोच्काचे १३ मार्च १९७७ रोजी निधन झाले.

या गीतांपायी अनेकांच्या आयुष्याची दिशाच बदलली. यिरोउसने वेगवेगळ्या शिक्षांमध्ये मिळून आठ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला. ‘हंसगीते’ हा त्याचा प्रसिद्ध काव्यसंग्रह तुरुंगातच रचला गेला. विल्सनला १९७७ मध्ये देशातून हद्दपार करण्यात आले. पुढे तो हाव्हेलच्या लेखनाचा इंग्रजी अनुवादक म्हणून नावारूपास आला. कारासेक, झायीचेक व ब्राबेनेत्स यांना पोलिसांच्या छळामुळे देश सोडावा लागला. उरलेले सदस्य गुप्तपणे ध्वनिमुद्रण करीत राहिले. १९७८ मध्ये ख्रिस्ताच्या यातनांवरील त्यांची संगीतकृती हाव्हेलच्या ग्रामीण घरी ध्वनिमुद्रित झाली. दडपशाही सैल होऊ लागताच मात्र वृंदात फूट पडली. नाव सोडून अधिकृतपणे वाजवावे की नाही, यावर १९८८ मध्ये एकमत होऊ शकले नाही व वृंद विसर्जित झाला.

नोव्हेंबर १९८९ मधील रक्तहीन क्रांतीनंतर, २९ डिसेंबर रोजी हाव्हेल राष्ट्राध्यक्ष झाला. सनदेच्या विसाव्या वर्धापनदिनानिमित्त १९९७ मध्ये त्याच्या आग्रहावरून वृंद प्रागच्या राजवाड्यात पुन्हा एकत्र आला आणि २००१ मध्ये ह्लाव्साचे निधन झाल्यावरही त्याचे कार्यक्रम चालू राहिले. टॉम स्टॉपर्ड याच्या २००६ मधील एका नाटकात या वृंदाच्या कहाणीला मध्यवर्ती स्थान आहे. साम्यवादी राजवट रॉक संगीताने उलथविली, असे विधान कधीकधी केले जाते; ते अतिशयोक्त आहे. आर्थिक अवनती, सोव्हिएट धोरणातील बदल व शेजारी देशांतील घडामोडी ही त्या राजवटीच्या पतनाची मोठी कारणे होत. तथापि परस्परांवर अविश्वास असलेल्या नागरिकांना एकमेकांच्या स्वातंत्र्याची जबाबदारी स्वीकारावयास लावणारा प्रसंग या वृंदामुळे निर्माण झाला. ज्यांना हे संगीत मुळीच आवडत नव्हते, असेही अनेक जण ते वाजविण्याच्या हक्कासाठी उभे राहिले, यातच या प्रकरणाचे ऐतिहासिक महत्त्व आहे.