एक प्रत मलाही द्या ना!

बांद्याला माझ्या मामूंच्या घरी पलंगाखाली पत्र्याच्या दोन ट्रंका आहेत. पूर्वी त्यांत लग्नाकार्यातले कपडे असत. आता त्यांत पुस्तके आहेत, मामूंनी स्वतः लिहिलेली आणि स्वतःच्या पैशाने छापलेली. पावसाळा सरला की मामी ती बाहेर काढून अंगणात चटईवर ऊन दाखवते. कोकणातली ओल चामड्याच्या चपलांना सोडत नाही, तर कागदाला काय सोडणार!

मामू प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या. तेरेखोल नदीतली होडी, बांद्याचा आठवडी बाजार, गोवा पोर्तुगीजांकडे असताना हद्दीवर होणारी झडती, असे बरेच काही त्यात आहे. प्रकाशक शोधून थकल्यावर त्यांनी निवृत्तीच्या पैशातून 45 हजार रुपये काढले आणि 500 प्रती छापून घेतल्या. म्हणजे एक प्रत 90 रुपयांना पडली. किंमत ठेवली 150 रुपये.

पुस्तक आल्यावर घरात ईदसारखा आनंद होता. जो येई तो म्हणे, “मामू, एक प्रत मलाही द्या ना!” मामू नाही कसे म्हणणार? वर्षभराने आम्ही वही घेऊन हिशेबाला बसलो. फुकट वाटलेल्या प्रती 190. दुकानांत ठेवलेल्या 70, त्यांपैकी खपलेल्या 45. हातोहात विकलेल्या 40. ट्रंकेत 200. हाती आलेली रक्कम सुमारे दहा हजार रुपये. फुकट गेलेल्या प्रतींचा नुसता छपाईखर्चच 17 हजारांवर गेला होता. मामी काही बोलली नाही. तिने फक्त वही मिटून ठेवली.

पुष्कळांना वाटते की दुकानदार पैसे खातो. मामूंनाही आधी तसेच वाटले होते. दुकानदाराने 40 टक्के सूट मागितली. म्हणजे 150 रुपयांच्या पुस्तकामागे मामूंना 90 रुपये, जितका खर्च तितकेच! पण जरा दुकानदाराच्या गल्ल्यावर बसून पाहा. त्याला मिळणाऱ्या 60 रुपयांतून जागेचे भाडे, विजेचे बिल, नोकराचा पगार आणि ग्राहकाला द्यायची सूट निघायची असते. पुस्तक मात्र महिना-महिना कपाटात बसून राहते. पूर्वी जूनमधल्या शालेय पुस्तकांच्या विक्रीवर त्याचे वर्ष निघायचे. आता शासकीय आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. गरीब मुलांसाठी ही फार चांगली गोष्ट आहे. शिक्षिका म्हणून मी रोज ते पाहते. पण छोट्या दुकानाचा एक आधार त्याने गेला, हेही खरे आहे. उरलेले गिऱ्हाईक दुकानात पुस्तक चाळते आणि मोबाईलवरून स्वस्तात मागवते.

हे केवळ आपल्या छोट्या गावांतच घडते असे नाही. टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये मुंबईत स्ट्रँड सिनेमाच्या आवारात पुस्तकांचा छोटा ठेला सुरू केला. पुढे फोर्टमधले त्यांचे स्ट्रँड बुक स्टॉल देशभर प्रसिद्ध झाले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचाही या दुकानाशी स्नेह होता. शानभाग यांना 2003 मध्ये पद्मश्री मिळाली. तरीही 70 वर्षे चाललेले हे दुकान फेब्रुवारी 2018 मध्ये बंद झाले.

खर्चाची आणखी एक बाजू आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे ऐकून बरे वाटते. पण कागदावर आणि छपाईच्या कामावर तो लागतो. पुस्तक करमुक्त असल्यामुळे तो भरलेला कर परत वळता करून घेता येत नाही. तो बोजा शेवटी पुस्तकाच्या किमतीत येतो.

त्यात टपालाचा प्रश्न. छोट्या प्रकाशकांचा मोठा आधार असलेली रजिस्टर्ड बुक पोस्टाची सवलत डिसेंबर 2024 मध्ये अचानक बंद झाली. दुसऱ्या मार्गाने पुस्तक पाठवायचे तर खर्च कितीतरी वाढला. नंतर 1 मे 2025 पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तके तिच्यातून पाठवता येतात. दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव मात्र हवे. ही माहिती अजून पुष्कळांना नाही, म्हणून मुद्दाम येथे देत आहे.

मराठीत लिहिणाऱ्याची ही ओढाताण नवी नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ सुरू केले. मराठी वृत्तपत्रांची ती सुरुवात मानली जाते. ते साडेआठ वर्षे चालले आणि 1840 मध्ये बंद पडले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून पीएच.डी. घेऊन आले. मराठी ज्ञानकोश काढायचा तर पैसा कोठून आणायचा? त्यांनी भागभांडवलाची कंपनी काढली, गावोगाव फिरून ग्राहक जमवले आणि 23 खंड पुरे केले. एवढ्या विद्वान माणसाची अखेरची वर्षे मात्र आर्थिक विवंचनेत गेली.

पण या गोष्टीत शिकण्यासारखेही आहे. केतकरांनी आधी ग्राहक जोडले, मग ग्रंथ छापले. 1974 मध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या ‘ग्रंथाली’ने हाच धागा पुढे नेला. वाचकांनाच सभासद करून घ्यायचे आणि त्यांना कमी किमतीत पुस्तक द्यायचे. दया पवार यांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये याच चळवळीतून घराघरांत पोचले. मॅजेस्टिकचे केशवराव कोठावळे यांनीही गिरगावात फुटपाथवर पुस्तके विकण्यापासून सुरुवात केली होती. माणूस कष्टाळू असला आणि वाचक विकत घेणारा असला, तर या धंद्यातही बरकत येते.

तुमच्या घरात कोणी लिहीत असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाईन अर्ज करायचा असतो. मामूंनी त्यासाठी एका मध्यस्थाला अडीच हजार रुपये दिले, आम्हाला हे उशिरा कळले. एकदम 500 प्रती छापू नका. आता 50 किंवा 100 प्रतीही छापून मिळतात; प्रत थोडी महाग पडते, पण ट्रंक भरत नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. उर्दूत लिहिणाऱ्यांनी राज्य उर्दू साहित्य अकादमीकडे चौकशी करावी.

आणि जे लिहीत नाहीत, त्यांनी काय करावे? पुस्तक विकत घ्यावे, एवढेच. आपण लग्नात पाकीट देतो, ईदला मुलांना ईदी देतो, पाहुण्याला मिठाई देतो. त्यात वर्षाकाठी दोन पुस्तके बसवली तर घराचा खर्च बिघडणार नाही. हदिया द्यायचा तर देणाऱ्याने विकत घेऊन द्यावा. लेखकाकडून फुकट प्रत मागून घेणे हा हदिया नव्हे. शिंपी नात्यातला असला तरी शिलाई आपण देतोच ना? मग लिहिणाऱ्याच्या कष्टालाच मोल का नसावे?

हे सर्व लिहिताना मला माझीच लाज वाटते. त्या 190 फुकट प्रतींपैकी एक माझ्या कपाटात आहे. त्यावर मामूंनी सुंदर अक्षरात माझे नाव लिहिले आहे. तेव्हा पैसे देण्याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

मामू आता दुसरे पुस्तक लिहीत आहेत. या वेळी त्यांनी आधी वही घातली आहे. ज्याला पुस्तक हवे त्याने नाव लिहायचे आणि 100 रुपये आगाऊ द्यायचे. 100 नावे झाली की 100 प्रती छापायच्या. मागच्या रविवारी मी गेले आणि दोन प्रतींसाठी 200 रुपये पुढे केले. मामू रागावले. “भाचीकडून कसले पैसे घ्यायचे?” ते म्हणाले.

मामीने हात पुढे करून नोटा घेतल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. माझे नाव 63वे होते.