मुलाचा खर्च उचलताना

रायगड जिल्ह्यातल्या करंजासारख्या समुद्रावर पोट असलेल्या गावात बाप बोटीवर गेला आणि परतला नाही, तर मागे राहिलेल्या मुलांबद्दल दोन प्रकारची माणसे बोलतात. एक मदत करू इच्छिणारी. ती मुंबईत, पनवेलला, कधी आखातात नोकरी करतात आणि त्यांच्या हातात एखाद्या ख्रिस्ती संस्थेचे पत्रक आलेले असते: एका अनाथ मुलाचा महिन्याचा खर्च उचला. दुसरी माणसे म्हणजे ते मूल ज्यांच्या घरात आहे ती आई, आजी किंवा मामा. त्यांच्यापुढे फॉर्म असतो आणि मनात धास्ती असते. या दोघांच्याही मनात इतके गैरसमज असतात की चांगल्या मनाने दिलेला पैसा भलतीकडे जातो आणि मूल आहे तिथेच राहते.

«खर्च उचलला की मूल दत्तक गेले»

ही आईची भीती असते, आणि दात्याचाही तसाच समज असतो. आपल्याकडे मुलींच्या शिक्षणासाठीच्या सरकारी योजनेलाही ‘दत्तक पालक योजना’ असे नाव होते, त्यामुळे गोंधळ वाढला. कायद्यात या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. दत्तकविधान झाले की मूल नव्या आईवडिलांचे होते. नाव बदलते, वारसा बदलतो, आणि बालन्याय कायद्याखाली हे सगळे ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या प्रक्रियेतून व जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने होते. खर्च उचलणारा फक्त पैसे देतो. मुलावर त्याचा कसलाही हक्क तयार होत नाही. मूल कुठे राहावे, कोणत्या शाळेत जावे, सुट्टीत कोणाकडे जावे, हे ठरवण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. मदतीच्या फॉर्मवर सही करणाऱ्या आईचे पालकत्व जसेच्या तसे राहते. फॉर्ममध्ये मुलाचा ताबा सोडल्याचे एखादे वाक्य आढळले, तर सही करू नये आणि सरळ जिल्हा बालसंरक्षण कक्ष गाठावा. मूल कायमचे सोपवणे ही बालकल्याण समितीपुढेच होणारी गोष्ट आहे, आणि त्यातही आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात.

«संस्थेत राहणारे प्रत्येक मूल अनाथ असते»

सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने केले आहे. जगभरच्या पाहण्या सांगतात की अनाथालयात राहणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात. ती मुले तिथे येतात ती गरिबीमुळे, आईच्या आजारपणामुळे, बापाच्या दारूमुळे, किंवा गावात चांगली शाळा नसल्यामुळे. बालन्याय कायदा, २०१५ मधली ‘अनाथ’ची व्याख्याही आपल्या समजुतीपेक्षा रुंद आहे. आईवडील व कायदेशीर पालक नसलेले मूल त्यात येतेच, पण ज्याचा कायदेशीर पालक सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, असे मूलही येते.

कोळीवाड्यातला प्रश्न आणखी अवघड असतो. खलाशी वादळात नाहीसा झाला आणि प्रेत सापडले नाही, तर मृत्यूचा दाखला सहजी मिळत नाही. सात वर्षे माणसाची काही खबर नसेल तर तो मेला असे कायदा गृहीत धरतो. तोवर त्याची मुले कागदावर बाप असलेली मुले असतात. संस्थेचा कार्यकर्ता विचारतो, वडिलांचा दाखला आहे का? आई म्हणते, नाही. आणि मदत तिथेच अडते. आईने अशा वेळी ‘बेपत्ता’ची पोलिसात केलेली नोंद आणि मच्छीमार सोसायटीचे पत्र जपून ठेवावे. पुढच्या प्रत्येक कचेरीत तेच कामाला येते.

मूल संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा, हे बालन्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये तत्त्व म्हणून लिहिलेले आहे. त्याच कायद्याचे कलम ४५ खर्च उचलण्याच्या व्यवस्थेला जागा देते, आणि तिचा एक मोठा हेतू मूल घरातच राहावे, हा आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशा मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे आणि इतरत्र ९६,००० पेक्षा. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, महिन्याला २,२५० रुपये देते. विधवेची मुले, एकट्या पालकाची मुले, आजीकडे वाढणारी मुले यांच्यासाठीच हे पैसे आहेत. ज्या आईने घरात खायला नाही म्हणून मुलाला बोर्डिंगात धाडले, तिला या योजनांची नावे कोणी सांगितलेली असतातच असे नाही, आणि मला याचा मनापासून राग येतो. मदत देणाऱ्या संस्थेने पहिला प्रश्न ‘मूल आमच्याकडे कधी आणता?’ असा विचारला, तर ती संस्था कितीही प्रेमळ असली तरी उलटा विचार करते आहे. ‘मूल घरी राहायला काय कमी पडते आहे?’ हा पहिला प्रश्न हवा.

आपल्या पट्ट्यात या दिशेने चालणारी कामे आहेत. पनवेलजवळ वांगणीला १९९९ मध्ये सुरू झालेला सील आश्रम ही ख्रिस्ती प्रेरणेची संस्था. रस्त्यावर, स्टेशनावर टाकलेल्या माणसांना तिथे आणतात, उपचार करतात आणि त्यांची घरे शोधून परत पोचवण्याची धडपड करतात. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यात सोगावला एसओएस बालग्राम आहे. ही संस्था ख्रिस्ती मिशनची नाही, पण ऑस्ट्रियात १९४९ मध्ये हेरमान ग्माइनर यांनी मांडलेली तिची कल्पना या चर्चेत महत्त्वाची आहे: मोठ्या दालनात ओळीने खाटा मांडण्यापेक्षा छोटी घरे करायची आणि प्रत्येक घरात एक आई नेमायची. ज्या मुलाला खरोखरच कोणी नाही, त्यालाही वसतिगृहापेक्षा घर लागते.

«ख्रिस्ती संस्थेची मदत म्हणजे धर्मांतर» आणि «छे, धर्माचा तिथे काही संबंधच नाही»

दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत. महाराष्ट्राला हा प्रश्न सव्वाशे वर्षांपेक्षा जुना आहे आणि तो पंडिता रमाबाईंपासून समजून घ्यावा लागतो. रमाबाई अमेरिकेत असताना १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी एक मंडळी उभी राहिली. ‘रमाबाई सर्कल’ नावाचे गट निघाले. सभासदांनी दहा वर्षे, वर्षाला निदान एक डॉलर देण्याचे वचन दिले. महाराष्ट्रातल्या मुलींच्या शिक्षणासाठी परदेशातल्या साध्या माणसांनी नियमाने पैसे पाठवण्याचे हे फार आरंभीचे उदाहरण. त्या पैशावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. विधवा व मुलींना तिथे आपापला धर्म पाळता येईल असे आश्वासन होते. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळात होते. पुढे सदन पुण्याला आले, काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ वृत्तपत्राने टीकेची झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

त्यानंतरचा भाग मात्र टीकाकार सहसा सांगत नाहीत. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती सदन वाढले ते त्यांच्यासाठी. तिथे मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी छापले. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते आणि तिथे आलेल्यांपैकी पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या. त्यांचा जीव त्या घरामुळे वाचला, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टींपैकी एकच सांगणारा माणूस मला अर्धे बोलतो असे वाटते.

आज ही गोष्ट कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत बसवायचे तर पालकाची संमती लागते. बालन्याय कायदा सांगतो की मुलाला त्याच्या कुटुंबात, त्याच्या मूळच्या सामाजिक व सांस्कृतिक परिस्थितीत परत नेण्याचा प्रयत्न व्हावा. संस्था ख्रिस्ती असो, हिंदू मठाची असो की मुसलमान ट्रस्टची, मुलांना ठेवून घ्यायचे तर कलम ४१ खाली नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा निदान एक लाख रुपये दंड. म्हणून दात्याने आणि आईनेही संस्थेला स्पष्ट विचारावे: रविवारी मुले काय करतात? घरचा गौरी-गणपती, नारळी पौर्णिमा, एकवीरेची जत्रा यासाठी मूल घरी जाऊ शकते का? चर्चला जायचे नसेल तर मदत थांबते का? प्रामाणिक ख्रिस्ती कार्यकर्त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. अनेक जण स्वतःहून सांगतात की मुलाची मदत त्याच्या श्रद्धेवर टांगलेली नसते.

«माझे पैसे माझ्याच मुलाला मिळतात»

१९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने वाचकांना आवाहन केले: वर्षाला १५ डॉलर द्या, हिंदुस्थानातले एक अनाथ मूल जगेल. हजारो मुलांचा खर्च असा उचलला गेला. एक दाता, एक मूल, एक नाव. ही रचना माणसाच्या मनाला भिडते म्हणून टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर वर्ल्ड व्हिजन (१९५०) आणि कम्पॅशन (१९५२) या संस्थांनी कोरियाच्या युद्धात पोरक्या झालेल्या मुलांपासून तिचा जगभर विस्तार केला.

पण पैशाचा प्रवास तितका सरळ नसतो. बहुतेक संस्था सगळ्या दात्यांची रक्कम एकत्र करतात आणि त्यातून शाळेची फी, डॉक्टर, शिकवणी, कधी वस्तीतले पाणी यांवर खर्च करतात. ते योग्यच आहे, नाहीतर एका घरातल्या एका भावाला वह्या आणि दुसऱ्याला काही नाही असे होते. चूक होते ती हे न सांगण्यात. १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’च्या पत्रकारांनी स्वतः मुलांचे दाते होऊन नंतर ती मुले शोधली. काहींना फारसे काहीच मिळाले नव्हते आणि एक मुलगी तर मरण पावलेली असताना दात्याकडून पैसे घेतले जात होते. मग ही सगळी पद्धतच फसवी का? तसेही नाही. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कम्पॅशनच्या सहा देशांतल्या, भारतासकट, दहा हजारांवर माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी अशी मदत मिळालेल्यांचे शालेय शिक्षण सुमारे एक ते दीड वर्षाने वाढले होते. गरीब घरातल्या मुलासाठी एवढा काळ म्हणजे दहावी होणे आणि न होणे.

आणखी एक. दात्याला मुलाचा फोटो, पत्र, वाढदिवसाची तारीख हवी असते. पण संस्थेने मुलाची ओळख प्रसिद्ध करणे बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा ठरू शकते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. मिळालेला फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नये. ते मूल मोठे झाल्यावर स्वतःची गोष्ट सांगायची की नाही, हे त्याने ठरवायचे.

«परदेशातून पैसे पाठवले की झाले»

भारतीय पासपोर्ट असलेला माणूस मस्कतला किंवा लंडनला राहून आपल्या कमाईतून बँकेमार्फत संस्थेला पैसे देतो, तेव्हा ती विदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्या नातेवाइकाची देणगी मात्र ठरते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. अशी देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. हा परवाना कधीही अडू शकतो. कम्पॅशनने मार्च २०१७ मध्ये भारतातले काम बंद केले, तेव्हा सुमारे १ लाख ४५ हजार मुलांची मदत थांबली. म्हणून गावातल्या आणि राज्यातल्या माणसांनी दिलेले थोडे पैसेही मोलाचे; परवानगी गेली म्हणून ते आटत नाहीत.

इथे राहणाऱ्या दात्यासाठी हिशेब सोपा. आयकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर जुन्या करपद्धतीत सवलत मिळते, रोख दिले तर २,००० रुपयांपर्यंतच. संस्थेकडून १०बीई हे देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, मुले ठेवून घेत असल्यास कलम ४१ चा दाखला आणि गेल्या वर्षाचे लेखापरीक्षण, हे तीन कागद दाखवायला जी संस्था कुरकुर करते तिच्याकडे पैसे देऊ नयेत.

करंजातल्या आईसाठी वाट वेगळी आहे. रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाइड, आधार, बँकेचे पासबुक आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला किंवा बेपत्ता असल्याची पोलीस नोंद, एवढे एका पिशवीत घालावे. रेवसची लाँच धरावी आणि पुढे एसटीने अलिबागला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जावे. पायपीट शक्य नसेल तर अंगणवाडी सेविकेला विचारावे, किंवा १०९८ वर फोन करावा. तो दिवसरात्र चालू असतो आणि पैसे लागत नाहीत. सरकारचे पैसे मिळायला लागले तरी संस्थेची मदत घेता येते का, हे तिथेच विचारून घ्यावे, आणि अर्जाच्या पोचपावतीवर तारखेसह शिक्का मारून घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.